एका उपासनावर्षाची गीते

ख्रिस्तसभेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उगवते आणि ख्रिस्तराजाच्या सणानंतरच्या आठवड्यात मावळते. या वर्षाला स्वतःचे ऋतू आहेत, स्वतःचे रंग आहेत आणि स्वतःची गाणीही आहेत. नाताळचे गीत ऑगस्टमध्ये कोणी म्हणत नाही. क्रूसाच्या वाटेचे गीत लग्नात म्हटले तर वऱ्हाडी चपापतील. मग वर्षातून एकदाच ओठांवर येणारे गीत उरलेले अकरा महिने कोठे असते? ते पुस्तकात असते, असे उत्तर आपण सहज देतो. परंतु पुस्तकात असलेली कितीतरी गीते कोणाच्याच ओठांवर नाहीत, आणि ओठांवर असलेली काही गीते कोणत्याच पुस्तकात सापडत नाहीत. गीत जिवंत राहते ते त्याचा दिवस दरवर्षी परत येतो म्हणून. त्याचा दिवस हरवला की ते पुस्तकात असूनही हरवते.

ही गोष्ट एकलहरे येथे राहून विशेष जाणवते. नाशिक शहर मागे टाकून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे निघाले की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. या केंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात आणखी तीन मोठे संच आले. संचांबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर माणसे आली. राहुरी-श्रीरामपूरकडची कुटुंबे आली, वसईची आली, गोव्याची, मंगळूरची, केरळातली आली. साहजिकच एकलहऱ्याचे स्वतःचे असे जुने ख्रिस्ती गीत एकही नाही. येथले प्रत्येक गीत कोणाच्या तरी ट्रंकेतून आलेले आहे. पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. निवृत्त होणारी कुटुंबे आपापल्या गावी किंवा मुलांकडे पुण्या-मुंबईला निघून जातात, आणि ट्रंकेतून आलेले गीत ट्रंकेतूनच परत जाते. एखाद्या नाताळात कोणीतरी म्हणते, "ते अमुक गाणे यंदा का घेतले नाही?" आणि मग लक्षात येते की ते उचलून धरणारा आवाज मेमध्येच गाव सोडून गेला.

म्हणून गेले उपासनावर्षभर आम्ही एक नेम पाळला. रविवारी जे गीत म्हणायचे, ते कोणाचे आणि आपल्यापर्यंत कसे पोहोचले, याचा मिस्सेनंतर पंधरा मिनिटे शोध घ्यायचा. काही गीते आम्हांला नव्याने सापडली. बरीचशी जुनीच पुन्हा भेटली. त्या शोधातून हाती आलेल्या काही कथा येथे सांगतो.

नाताळच्या मध्यरात्रीचे गीत तर सर्व जगाचे आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ या नदीकाठच्या गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी ते प्रथम गायिले गेले. शब्द योसेफ मोर या तरुण सहायक धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची आणि साथ गिटारची. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा मुलांना फार आवडते. पण ती मागाहून रचलेली आहे, तिला आधार नाही. पुढे ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ते गीत आपल्याबरोबर टिरोल प्रांतात नेले. तेथील गायक कुटुंबांनी ते जत्रांतून, दरबारांतून आणि अखेर समुद्रापलीकडे पोहोचविले. गीत जगभर गेले आणि ज्यांनी ते केले त्यांची नावे मात्र वाटेत गळून पडली. कोणी ते हायडनचे म्हणू लागले, कोणी मोझार्टचे. मोर १८४८ साली अत्यंत गरिबीत वारले. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातील संगीतकारांनी साल्झबुर्गला विचारणा केली, तेव्हा म्हाताऱ्या ग्रुबरांनी हकीकत स्वहस्ते लिहून पाठविली. तरीही शंका उरलीच होती. शेवटी १९९५ साली मोर यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली. तिच्यावर शब्द १८१६ सालचे आणि चाल ग्रुबरांची, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे जे गीत सारे जग पावणेदोनशे वर्षे गात होते, त्याच्या कवीची स्वतःची साक्ष इतक्या उशिरा मिळाली.

आमच्या गायकवृंदातील एका मुलीने यावर प्रश्न केला, "फादर, नाव कळले नसते तर काय बिघडले असते?" प्रश्न योग्य आहे. प्रार्थनेला नाव लागत नाही. तथापि नाव विसरण्यामागे नेहमी नम्रताच असते असे नाही. कधी निव्वळ अनास्था असते, आणि कधी त्याहून वाईट असे काही असते. त्याकडे पुढे येतो.

उपवासकाळ हा गीतांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत श्रीमंत काळ आहे, असे माझे मत आहे. एरवी कीबोर्ड आणि ध्वनिवर्धक यांच्या गदारोळात शब्द बुडून जातात. या चाळीस दिवसांत वाद्ये थोडी मागे सरतात आणि शब्द ऐकू येतात. यंदा आम्ही दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातील प्रभूच्या दुःखसहनाच्या ओव्या वाचण्याचे ठरविले. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेच्या पुस्तकामुळे पुष्कळांच्या परिचयाच्या आहेत. त्यापलीकडचे पुराण मात्र आपण ख्रिस्ती लोकांनीही फारसे उघडलेले नसते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. ते रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबताने निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र इंग्लंडमध्ये छापले गेले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली देह ठेवीपर्यंत, ते गोव्यातच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टीत गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे वाचण्यावर बंदी आली होती आणि त्यांच्या जागी काहीच दिलेले नव्हते. सण आला तर ऐकायचे काय? ही उणीव लोकांनीच फादरांपुढे मांडली, असे पुराणाच्या आरंभीच सांगितले आहे. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. लोकांनी पुस्तक मागितले नाही. रिकाम्या झालेल्या दिवसासाठी काहीतरी मागितले.

त्या मागणीतून जे निर्माण झाले ते प्रचंड आहे. पहिले पुराण छत्तीस अध्यायांचे आणि दुसरे एकोणसाठ अध्यायांचे असून एकूण ओव्या १०,९६२ आहेत. ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुळविलेली ग्रंथाची ओवी या इंग्रज माणसाने उचलली: पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण मोकळा सुटणारा. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले, तेव्हा एकनाथांना जाऊन सतरा वर्षे झाली होती आणि परंपरेने मानलेल्या जन्मवर्षाप्रमाणे तुकोबा आठ वर्षांचे होते. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण देवनागरी खिळे नव्हते. म्हणून हे मराठी महाकाव्य रोमन लिपीत छापावे लागले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

आणि मग त्याचा दिवस हरवला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून गोव्यातील लोकभाषेच्या जागी तीन वर्षांत पोर्तुगीज आणण्याचे फर्मान सोडले. भाषा मेली नाही, पण चर्चमधून तिचे पुराण उठले. त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. वाचल्या त्या हातांनी नकललेल्या प्रती, आणि त्याही मुख्यतः गोव्याबाहेर, मंगळूरकडे जाऊन वसलेल्या ख्रिस्ती घरांत. तशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे पुराण पुन्हा छापले. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडन येथे, विल्यम मार्सडेन यांच्या जुन्या संग्रहात, पुराणाची देवनागरी हस्तलिखिते आढळली. ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनरी. आपल्या संतकवींची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेणारे. येशूसंघीयाच्या महाकाव्याचे देवनागरी रूप त्यांच्या नजरेने हेरले, हे आपण कृतज्ञतेने नोंदवावे. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची मुंबईहून आणि २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांची बंगळूरहून आवृत्ती आली. आता पुराण हवे असेल त्याला मिळते. सबब उरलेली नाही.

पहिल्या शुक्रवारी वाचणारे अडखळले. चारशे वर्षांपूर्वीची भाषा, त्यात मधूनच एखादा पोर्तुगीज शब्द. दुसऱ्या शुक्रवारी नगर जिल्ह्यातून वसाहतीत लेकाकडे आलेल्या एका आजींनी मागच्या बाकावरून आपणहोऊन सूर धरला. त्यांना वाचता येत नाही. जात्यावरची ओवी आणि ग्रंथातली ओवी यांत रचनेचा फरक आहे हे मी जाणतो. पण आजींनी तो फरक कसा पुसला हे मला सांगता येणार नाही. एक जण ओवी वाची, आजी ती सुरात घेत आणि मग सारे त्यांच्या मागे. पाचव्या शुक्रवारी कुणाला शब्दांचा अर्थ विचारावा लागला नाही.

याच ओघात वसईच्या मंडळींनी दुसऱ्या एका पुराणाची आठवण करून दिली. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायन्श या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रभूच्या दुःखसहनावर उत्तर कोकणच्या बोलीत पुराण रचले. ते १६५९ साली लिस्बनला छापले गेले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, परंतु मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती वाड्यांतून हे पुराण उपवासकाळात गायिले जात राहिले, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावेसे लोकांना वाटले. राज्य बदलले तरी दिवस टिकला होता. गोव्यातल्या पुराणाची आणि या पुराणाची कथा शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

युरोपातही हेच घडले. क्रूसाखाली उभ्या असलेल्या शोकमग्न मातेचे तेराव्या शतकातील लॅटिन गीत आपण क्रूसाच्या वाटेवर मराठीतून म्हणतो. मध्ययुगात मिस्सेमध्ये शुभवर्तमानापूर्वी म्हणावयाची अशी दीर्घ गीते शेकड्यांनी होती. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५७० साली जो मिस्साग्रंथ आला त्यात केवळ चार ठेवली गेली. मातेच्या शोकाचे गीत वगळले गेले. अधिकृत ग्रंथात ते परत आले १७२७ साली, तेराव्या बेनेडिक्ट पोप महाशयांच्या आज्ञेने. मधली दीडशे वर्षे ते लोकांनी वाहिले. त्यांना मिस्साग्रंथात काय आहे आणि काय नाही हे ठाऊकही नसेल; शुक्रवारी चालायचे आणि चालताना हे म्हणायचे, एवढे ठाऊक होते.

ईस्टरच्या गीतांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. आनंदाची गीते टिकतात, ती शोधावी लागत नाहीत. मे महिन्यात पवित्र मरियेची गीते झाली. त्यांत कोकणीने मराठीला मागे टाकले, हे मराठी मंडळींनी हसत मान्य केले.

पावसाळ्याच्या तोंडावर, ज्येष्ठात, निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नाशिकमार्गे सिन्नरकडे जाते. त्या दिवसांत आमच्या चर्चमध्ये सामान्यकाळाचे हिरवे वस्त्र असते, आणि टाळ-मृदंगाचा नाद कानांत असल्यामुळे की काय, गायकवृंद आपोआप अभंगांकडे वळतो. या अभंगांवरून आमच्या शोधाला निराळे वळण लागले. पाच-सहा अभंग असे निघाले की ज्यांविषयी नगरकडची माणसे म्हणत, "हे आमचे, आमच्या मिशनातले." वडिलांनी म्हटलेले, आजोबांनी म्हटलेले. कवी कोण? कोणालाच माहीत नाही. शेवटी एक प्रोटेस्टंट स्नेह्याकडून 'उपासना संगीत' आणले आणि पाने उलटली. एक वगळता सारे नारायण वामन टिळकांचे.

टिळकांचे चरित्र आपल्या वाचकांना नवे नाही, तरी काही तपशील सांगतो. जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. शिक्षणासाठी ते नाशिकला आले, आणि गोदेच्या वरच्या अंगाला असलेल्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांची पत्नी झाली, त्याच लक्ष्मीबाई. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने दिलेला 'नवा करार' त्यांनी वाचला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा अर्थाचे ते बोलत, आणि ते केवळ बोलणे नव्हते. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तरी पुष्कळ ख्रिस्ती मंडळींत इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर, मराठी शब्दांचे हातपाय ओढूनताणून म्हटली जात. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन हे घरचे साचे घेतले आणि त्यांत प्रभू येशूला आळविले. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले.

आता प्रश्न असा की त्यांचे अभंग कॅथलिक घरांत आले कसे, आणि त्यांचे नाव दाराबाहेर का राहिले? त्याच नगर जिल्ह्यात १८७८ नंतर येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू केंदळ-वळण भागात काम करू लागले होते. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' काढला. पहिल्या महायुद्धात जर्मनांना जावे लागले आणि त्यांच्या जागी पुढे स्विस आले. मिशनरी दोन पंथांचे, पण लोक एकाच मातीचे, पुष्कळदा एकाच गावचे आणि एकमेकांचे सोयरे. एका भावाचे घर कॅथलिक, दुसऱ्याचे अमेरिकन मिशनचे; लग्नाला सारे एकत्र. पाद्री एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नसत, तेव्हा गाणी बिनदिक्कत ये-जा करीत होती. मात्र गीत स्वीकारायचे तर त्यावरचे 'परक्या' पंथाचे नाव पुसलेले बरे, अशीही एक वृत्ती त्या काळात होती. ती दोन्हीकडे होती. वर ज्या विस्मरणाला मी वाईट म्हटले ते हेच.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा संविधानग्रंथ जाहीर केला. लोकभाषेला मिस्सेत वाट मिळाली आणि ज्या प्रदेशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य स्थान द्यावे, असे त्यात सांगितले गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेशग्रंथ आला. मराठी मिस्सेसाठी मराठी गीते हवी होती, आणि ती लोकांच्या ओठांवर आधीपासून तयार होती. टिळकांना जाऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

लक्ष्मीबाईंची कथा मी मुद्दाम शेवटी ठेवली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. प्रारंभीचे काही अध्याय लिहून झाले आणि ते गेले. ज्या बाईला अक्षरओळखही लग्नानंतर झाली, नवऱ्याच्या धर्मांतरानंतर जी वर्षानुवर्षे त्याच्यापासून दूर राहिली आणि मग विचारपूर्वक १९०० साली ख्रिस्ती झाली, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पूर्ण केले. 'स्मृतिचित्रे' सारा महाराष्ट्र जाणतो. 'ख्रिस्तायन' फारच थोडे लोक उघडतात. ते पुस्तकरूपाने १९३८ साली निघाले, आणि ते पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे नाशिक येथे निधन झाले होते. एकलहऱ्याहून नाशिक हे तासाभराच्या आतले अंतर. आमच्या सभेत ही गोष्ट सांगितली तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्यानंतर आलेल्या रविवारी भक्तांच्या प्रार्थनेत एका शिक्षिकेने आपणहोऊन 'ज्यांची गीते आम्ही त्यांचे नाव न घेता म्हटली' त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ती छापील प्रार्थनांत नव्हती.

सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला वसाहतीतून मंडळी गेली, तेव्हा वाटेत म्हणायला या शोधातील गीतांच्या हस्तलिखित प्रती नेल्या होत्या. परत आणल्या त्याच्या निम्म्याच. बाकीच्या इतर गावच्या लोकांनी मागून घेतल्या. प्रती हरवल्याचा असा आनंद क्वचितच होतो.

नोव्हेंबर हा मृतांचा महिना. जुनी मंडळी या महिन्यात लॅटिनची आठवण काढतात. त्यांना मी सांगतो की ज्या ग्रेगोरियन गायनाला आपण अखंड परंपरा समजतो तेही एकदा हरवले होते. शतकानुशतकांच्या काटछाटीने त्या सुरांचे मूळ रूप उरले नव्हते. फ्रान्समध्ये सोलेम येथे १८३३ साली प्रॉस्पेर गेरांजे यांनी उजाड मठ पुन्हा वसविला आणि तेथील संन्याशांनी गावोगावची हस्तलिखिते जमवून, एक एक सूर पडताळून ते गायन परत उभे केले. दहाव्या पायस पोप महाशयांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियेच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी आदेश काढला आणि त्या गायनाला पुन्हा मान दिला. त्याच वर्षी केंदळला 'निरोप्या' निघाला होता, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.

प्रभूच्या क्रोधदिनाचे ते जुने गंभीर लॅटिन गीत पूर्वी प्रत्येक मृतमिस्सेत म्हटले जाई. १९६९ सालच्या सुधारणेनंतर ते मृतमिस्सेतून गेले. अंत्यविधीत भयापेक्षा पुनरुत्थानाची आशा पुढे यावी, हा त्यामागचा हेतू मला पटतो. तथापि ख्रिस्तसभेने ते टाकून दिले नाही. नव्या प्रार्थनाविधीत त्याचे तीन भाग करून, इच्छा असल्यास म्हणावे म्हणून, सामान्यकाळाच्या चौतिसाव्या आठवड्यात ते ठेवले. म्हणजे उपासनावर्षाचा अगदी शेवटचा आठवडा. व्यक्तीच्या मरणाचे गीत तेथे काळाच्या अंताचे गीत झाले. त्याला नवा दिवस मिळाला.

वसाहतीत केंद्रातून फार पूर्वी निवृत्त झालेले एक मंगळुरी गृहस्थ आहेत. लहानपणी ते मिस्सेत सेवा करीत, आणि हे गीत त्यांना सगळे पाठ आहे. पुढच्या जूनमध्ये ते मुलाकडे कायमचे जाणार आहेत. ख्रिस्तराजाच्या सणानंतरच्या सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी एक एक भाग म्हटला. अकरावीतली दोन मुले शेजारी बसून ते उच्चार देवनागरीत उतरवून घेत होती. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर म्हणू लागली. गुरुवारी त्यांनी मुलांना एकट्यांना म्हणायला लावले, दोन ठिकाणी थांबवून दुरुस्त केले आणि तिसऱ्या ठिकाणी मुलांचेच बरोबर होते हे कबूल केले.